भाईंचं बहुउद्देशीय मैदान

भाई साळव्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते रत्नागिरीच्या कोर्टात, आणि त्या वेळी ते न्यायाधीशांना आपला उजवा गुडघा दाखवत होते. आमच्या शाळेच्या कुंपणाचा काहीतरी वाद होता, मी साक्षीला गेलो होतो. भाई आमचे वकील. साळवी वकील दर वेळी पुढची तारीख मागतात अशी समोरच्या वकिलांनी तक्रार केली. त्यावर भाईंनी पँट गुडघ्याच्या वर ओढली आणि म्हणाले, "साहेब, मला फार वेळ उभं राहवत नाही. ही जखम मी या गावासाठी घेतलेली आहे."

न्यायाधीश नवीन होते, घाटावरचे. त्यांना वाटलं स्वातंत्र्यलढा. त्यांनी आदरानं मान लववली आणि तारीख दिली.

जखम फुटबॉलची होती.

काळा कोट, पांढरे बँड आणि पायांत कॅनव्हासचे बूट असा भाईंचा कोर्टातला वेष. चामड्याच्या बुटात पाय गुदमरतो म्हणायचे. बुटके, रुंद, मानेचा पत्ता नाही. आवाज मैदानावर कमावलेला, त्यामुळे अशिलाशी कुजबुजले तरी समोरच्या पक्षाला सगळं ऐकू जायचं. बोलताना नेहमी "एक म्हणजे" अशी सुरुवात करत आणि एक बोट वर धरत. दुसरा मुद्दा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. कोणी शंका काढली की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "ते होईल हो. आधी नारळ फोडू, मग बघू."

असे त्यांनी पुष्कळ नारळ फोडले होते. झाडगावातल्या त्यांच्या घरात पडवीतून एक ऐसपैस जिना वर जायचा आणि कौलांपाशी संपायचा. वरचा मजला बांधायचा राहिला होता. मी एकदा भाबडेपणानं विचारलं, "वहिनी, वर काय आहे?" इंदूवहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वर ह्यांचं भविष्य आहे."

असा हा माणूस आमच्या गावच्या मैदानाच्या वाटेला गेला.

ते मैदान 'साहेबाचं मैदान' म्हणून ओळखलं जायचं. कुठल्याशा गोऱ्या कलेक्टरनं टेकडीच्या कुशीत पोलिसांच्या कवायतीसाठी ते करून घेतलं होतं. वरच्या अंगाला जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्या, खालच्या अंगाला सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. आमच्या अनवाणी पोरांनी बूटवाल्या गोऱ्यांना इथं हरवलं होतं अशी गोष्ट सांगतात. अशी गोष्ट प्रत्येक गावाला असते. पण त्या संघात माझे आजोबा होते असं सांगणारे नातू आमच्याकडे इतके होते, की गोरे हरले त्यात नवल ते काय असं वाटावं.

मैदान समुद्राच्या बाजूला उतरतं होतं. त्यामुळे नाणेफेक जिंकणारा कप्तान 'उतार' मागायचा. पहिला अर्धा भाग उतारानं खेळायचा, दुसरा चढानं. बाहेरचे संघ हसायचे आणि हरून जायचे. पावसाचं पाणी मात्र घटकाभरात खाली पळून जायचं, मैदान लगेच खेळायला मोकळं.

याच उतारावर भाईंनी तरुणपणी आयुष्यातला मोठा गोल केला होता. गावचा संघ विरुद्ध मिरकरवाडा, अंतिम सामना. भाईंनी वरून चेंडू मारला. तो इतका मरतुकडा होता की मिरकरवाड्याचा गोलकीपर इब्राहीम सावकाश वाकला, जणू पडलेला रुमाल उचलतोय. पण गोलाच्या तोंडाशी जमिनीतून एक जांभा धोंडा जरासा वर आला होता. चेंडू त्यावर आपटला आणि इब्राहीमच्या कानाजवळून आत गेला. भाईंना खांद्यांवरून मिरवत आणलं. मिरवणुकीत पडले, तीच ती गुडघ्याची जखम.

इब्राहीमनं पुढे बापाची होडी सोडून ट्रॉलर घेतला, मिरकरवाड्याच्या मासळीच्या लिलावात त्याच्या शब्दाला वजन आलं, दाढी पांढरी झाली. पण तो गोल त्यानं कधी मान्य केला नाही. भाई दिसले की म्हणायचा, "वकील, तो गोल तुजा नवता. धोंड्याचा होता." भाई म्हणायचे, "निकाल लागलाय. अपिलाची मुदत संपली." मग दोघं टपरीवर चहा घ्यायचे. हे मी कितीदा तरी ऐकलं आहे, आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला कधी पाहिला नाही.

दिल्लीला आशियाई खेळ झाले त्या साली भाई कोणाच्या तरी ओळखीनं तिकडे जाऊन आले आणि बिघडून आले. त्यांनी तिथं एक नवंकोरं स्टेडियम पाहिलं. परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मैदानाच्या पायरीवर उभं राहून छत्रीनं समुद्राकडे दाखवत ते मला म्हणाले, "मास्तर, हे सगळं बहुउद्देशीय करायचं."

तो शब्द त्यांना इतका आवडला होता, की पुढे त्यांनी तो कशालाही लावला. घरातलं जेवणाचं टेबल, कोर्टातली बार रूम, माझा साधा खिशातला रुमालसुद्धा. पण त्या संध्याकाळी त्यांनी आणखीही एक सांगितलं, ते नमूद केलं पाहिजे. म्हणाले, "एक म्हणजे, इथला पोरगा मिसरूड फुटलं की मुंबईला जातो. आयुष्यात एकदा तरी मुंबईच्या माणसानं काही बघायला इकडे यावं, असं काय आहे आपल्याकडे? आंबा सोडून?" त्यांची चेष्टा करताना मला अजूनही हे वाक्य आठवतं आणि थोडी अडचण होते.

मैदान सुधार समिती स्थापन झाली. अध्यक्ष कोण असावा, हा प्रश्न भाईंनीच उपस्थित केला आणि कोणी तोंड उघडायच्या आत त्यांनी ती जबाबदारी नम्रपणे स्वीकारली. अक्षर चांगलं म्हणून मला सहचिटणीस केलं. पुण्याहून एक तरुण आर्किटेक्ट आणला गेला. त्यानं थर्माकोलचं मॉडेल करून वाचनालयात ठेवलं. त्यात सगळं होतं. धावण्याची गोल वाट, कबड्डी, खो-खो, नाटकासाठी रंगमंच, लग्नासाठी सभागृह, आंबा प्रदर्शनासाठी गाळे आणि मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरायला पांढरा गोल. गाव लोटलं. शिंपीआळीतल्या एका आजींनी तर मॉडेलला हात लावून नमस्कार केला.

इब्राहीम आला. त्यानं चष्मा लावून मॉडेलभोवती प्रदक्षिणा घातली.

"वकील, फुटबॉल कुठं?"

आर्किटेक्टनं मधल्या हिरव्या मखमलीच्या तुकड्यावर पेन्सिल टेकवली. "हे काय, इथेच. इतर कार्यक्रम नसतील तेव्हा."

"आणि गोल?"

"गोलपोस्ट उचलून ठेवता येतील असे करणार आहोत."

इब्राहीमनं चष्मा काढला. "म्हणजे हवा तेवा गोल, नको तेवा नाय. वकिलाच्या सोयीचं हाय."

सगळे हसले. भाईही हसले, पण त्यांनी मखमलीचा तो तुकडा बोटानं सरळ केला. तो जरा चुरगळला होता.

काम सुरू झालं तसा आधी उतार गेला. बहुउद्देशीय जागेला सपाटी लागते, असं आर्किटेक्टचं म्हणणं. बुलडोझर वरचं खरवडून खाली लोटत होता. वरच्या पायऱ्यांपैकी अर्ध्या पाडल्या. तासलेले, वर्षानुवर्षं लोकांच्या बसण्यानं गुळगुळीत झालेले चिरे पुढे समितीच्या एका सदस्याच्या कलमांच्या बागेत कुंपणाच्या गडग्याला लागलेले दिसले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ऐतिहासिक वारसा आहे, कुठेतरी जपायला नको?"

बुलडोझर खालच्या गोलाशी पोचला त्या सकाळी मी तिथं होतो. धोंडा वर दिसायचा मुठीएवढा, आत निघाला रांजणाएवढा. ड्रायव्हरनं भाईंकडे पाहिलं. तेवढ्यात इब्राहीम बंदरावरून तसाच आला, पँट दुमडलेली, पायांना खवले चिकटलेले.

"तेवडा धोंडा ऱ्हाऊ दे, वकील."

"सपाटीत कसा राहील?"

"तो माजा साक्षीदार हाय."

"साक्षीदार फितूर आहे," भाई म्हणाले. त्यांना आपला विनोद आवडला. ड्रायव्हरला त्यांनी छत्रीनं खूण केली. धोंडा सुटताना मोठा आवाज झाला. मी भाईंकडे पाहिलं तर ते पाठ फिरवून समुद्राकडे बघत होते आणि खिशात रुमाल शोधत होते. धूळ बरीच उडाली होती हे खरं.

पुढच्या पावसाळ्यात मैदानाचं तळं झालं. पाण्याला पळायला उतार उरला नव्हता आणि आर्किटेक्टनं काढलेली गटारं टेकडीच्या दिशेनं तोंड करून होती. बेडकांनी उद्घाटन केलं. मिरकरवाड्याहून निरोप आला, होडी पाठवू का? जलतरण तलाव आराखड्यात नव्हता, तरी मिळाला, असं गाव म्हणू लागलं. भाई म्हणाले, "ते होईल हो." पाणी हटलं, मातीची भर पडली, रंगमंच उभा राहिला. मंत्री आले. अर्थात मोटारीनं. हेलिकॉप्टरच्या गोलात त्यांच्या स्वागताच्या मुलींनी फेर धरला. कोनशिलेवर भाईंचं नाव मंत्र्यांच्या नावाखाली, पण अंमळ मोठ्या अक्षरात आलं. ते कसं झालं हे पाथरवटालाच ठाऊक.

रंगमंचानं मैदानाची एक बाजू खाल्ली होती, सभागृहानं दुसरी. तरी त्या वैशाखात जुनीच स्पर्धा नव्या जागी भरली. अंतिम सामन्यात नेहमीप्रमाणे गाव आणि मिरकरवाडा. इब्राहीमचा धाकटा आता गोलात उभा राहायचा, इब्राहीम बाहेरून ओरडायचा. सामन्याच्या चार दिवस आधी एका वजनदार पुढाऱ्याचा निरोप आला की पुतणीचं लग्न त्याच दिवशी, त्याच जागी करायचं आहे. सभागृह लहान पडतं, मंडप मैदानात घालू.

मी म्हणालो, "भाई, सामना जाहीर झालाय."

"एक म्हणजे," भाईंनी बोट वर केलं, "मुहूर्त दुपारचा. चारला मंडप रिकामा. सामना पाचला. बहुउद्देशीय कशाला म्हणतात मग?"

वऱ्हाड घाटावरून यायचं होतं. त्यांची बस आंबा घाटात बंद पडली. दुपारचा मुहूर्त हुकला. भटजींनी पंचांग उघडून गोरज मुहूर्त काढला. पाचला मैदानाच्या एका अर्ध्या भागात मंडप, सनई, वाट पाहून पेंगुळलेली मुलीकडची माणसं, आणि उरलेल्या अर्ध्या भागात दोन फुटबॉल संघ बूट बांधून उभे. राहिलेल्या पायऱ्यांवर अख्खं गाव. कॉर्नरच्या निशाणापाशी आचाऱ्यांची चूल.

भाई कोट घालून, फेटा बांधून मध्ये आले. कोणालाही वाटलं असतं, आता सामना उद्यावर टाकतील. त्यांनी दोन्ही कप्तानांना बोलावलं. "आडवं खेळा. मंडपाच्या अलीकडे. गोलपोस्ट उचलता येतात ना? उचला."

आणि खरोखरच खेळ सुरू झाला. पहिल्या पाचेक मिनिटांत चेंडू दोनदा मंडपात गेला. एकदा तो नवरीच्या मामांनी मोठ्या अदबीनं परत आणून दिला. तिसऱ्या वेळी गावच्या हाफबॅकनं उंच उडवला आणि तो मठ्ठ्याच्या पिंपात पडला. आचारी ओरडला. पायऱ्यांवरून हशा उसळला आणि थांबेचना.

इब्राहीम उठला. चुलीपाशी गेला, बाही वर करून पिंपातून चेंडू काढला आणि तो निथळत मैदान ओलांडून भाईंपाशी आला. चेंडू त्यानं त्यांच्या दोन्ही हातांत ठेवला. भाईंच्या काळ्या कोटावर मठ्ठ्याचे ओघळ आले, कोथिंबिरीसकट.

"घे वकील. आता हा कशाकशाला वापरायचा तूच सांग."

हशा थांबला. भाईंनी तोंड उघडलं, बोट वर करायला हात मोकळा नव्हता. इब्राहीमनं चेंडू परत घेतला, आपल्या लुंगीला पुसला आणि दोन्ही संघांना म्हणाला, "चला मांडवीच्या किनाऱ्यावर. सुकती लागलीय, पाणी हटून वाळू उघडी पडली असंल."

दोन्ही संघ निघाले. त्यांच्यामागून पायऱ्या निघाल्या. गोलपोस्ट उचलता येण्यासारखे होतेच, तेही पोरांनी खांद्यावर घेतले. मग मुलीकडचे पाहुणेही एकेक करून 'जरा समुद्र बघून येतो' म्हणून सटकले. शेवटी घाटावरून थकून आलेला नवरदेव घोड्यावरून उतरला, तेव्हा स्वागताला पुढारी, भाई, मी आणि वाजंत्री एवढेच होतो.

मंगलाष्टकं सुरू झाली. मांडवी तिथून लांब नाही. मध्येच तिकडून एकदम आरोळी उठली, हजार माणसांच्या छातीतून यावी तशी. भाईंच्या मुठीत अक्षता होत्या. सगळ्यांनी टाकल्या, त्यांचा हात तसाच राहिला. जरा वेळानं त्यांनी मला अगदी हळू, म्हणजे सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं, विचारलं, "कुणी केला असेल हो?"

मला काय माहीत. नवरदेवाच्या वडिलांनी चिडून मागे पाहिलं.

त्या सामन्यानंतर समितीनं दारावर पाटी लावली, 'पूर्वपरवानगीशिवाय मैदानावर खेळू नये.' खाली भाईंची सही. तिथं प्रदर्शनं झाली, सभा झाल्या, एकदा सर्कस येऊन गेली, आणि लग्नं तर मोजता येणार नाहीत इतकी. फुटबॉल मांडवीच्या काळ्या वाळूत राहिला. भाई संध्याकाळी तिकडे फिरायला जाऊ लागले, हवा खायला म्हणून. खेळाकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे. आरोळी उठली की मान अर्धी वळायची आणि परत जागेवर यायची. इब्राहीम लांबून ओरडायचा, "वकील, समुद्र कुटं पळून नाय जात! हिकडं बग!" भाई ऐकू न आल्यासारखं करायचे. पण चहाच्या टपरीवर दोघं पुन्हा दिसू लागले. गोलाचा विषय मात्र इब्राहीमनं काढणं सोडून दिलं होतं, आणि ते भाईंना सहन होत नव्हतं. एकदा तेच म्हणाले, "अरे, काढ ना. धोंड्याचं काढ." इब्राहीम म्हणाला, "धोंडा कुटाय?" आणि बशीत चहा ओतला.

पुढे माझी बदली अलोऱ्याला झाली. वीजप्रकल्पाची वसाहत, एकसारखी घरं, मध्ये गवताळ मैदान. तिथल्या एका हौशी क्रीडा मंडळाला मैदानाचं काहीतरी करायचं होतं. रत्नागिरीचं स्टेडियम ज्यांनी घडवलं त्यांचा सल्ला घ्यावा, असं त्यांचं ठरलं. भाई आले. मंडळाच्या तरुण अध्यक्षानं नकाशा पसरला. भाईंनी नकाशाकडे पाहिलंच नाही. ते मैदानात चालत मध्यापर्यंत गेले, बुटाच्या टाचेनं माती उकरून पाहिली आणि परत आले.

"काही बांधू नका," म्हणाले. "गवत तेवढं कापत जा."

अध्यक्ष म्हणाला, "इतकंच?"

"इतकंच. दुसरा मुद्दा नाही."

त्या रात्री ते माझ्याकडे जेवले. मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की मी त्यांना दोनदा सोलकढी वाढली.

वर्षभरात मंडळानं त्या मैदानावर हॉल बांधला. बहुउद्देशीय. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून भाई साळव्यांचं नाव पत्रिकेत पाहिलं, आणि मला वाटलं, येणार नाहीत. आले. शाल घेतली, नारळ घेतला, तासभर बोलले. क्रीडासंस्कृतीवर बोलले. दूरदृष्टीवर बोलले. मी शेवटच्या रांगेत दातओठ खात बसलो होतो.

कार्यक्रम संपल्यावर जीपपाशी गाठलं. "भाई, तुम्हीच तर सांगितलं होतंत, काही बांधू नका म्हणून."

"सांगितलं होतं ना?" भाई जीपमध्ये चढत म्हणाले. "मग झालं. मास्तर, मी आलो नसतो तर हॉल काय पडणार होता?"

जीप निघाली. हॉलच्या मागे रस्त्यालगत मैदानाचा एक पट्टा उरला होता. तिथं पाळीवरून सुटलेले फिटर फुटबॉल खेळत होते, निळे कपडे न बदलताच. जीप तिथं पोचली आणि थांबली. मी फाटकातून पाहत होतो. कोणीतरी गोल मारला असावा, कारण आरडाओरडा झाला. त्याच क्षणी जीपच्या खिडकीतून काळ्या कोटाचा हात बाहेर आला आणि सरळ वर गेला.

"ऑफसाइड!"

तो आवाज पार आमच्या शाळेपर्यंत ऐकू आला असेल. फिटर जीपभोवती जमले. एकजण हातवारे करून सांगत होता की तो कुठे उभा होता. भाई शालीसकट खाली उतरले, रस्त्याच्या धुळीत छत्रीनं रेघ ओढली आणि त्याला तिथं उभं केलं. मग दुसऱ्याला दुसरीकडे उभं केलं. वाद चढत गेला.

ड्रायव्हरनं बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी इंजिन बंद केलं.